लाइक ढीगभर, फोन एकही नाही: धंद्याच्या पेजवरून चौकशी का येत नाही, हे कसं शोधायचं

छोट्या धंद्यांची पेजं आणि वेबसाइट दुरुस्त करून देणं हे माझं काम. त्यात कोकणातले होमस्टेवाले, आंबा-काजूचे बागायतदार, घरगुती फराळ करणाऱ्या ताई, पुण्या-कोल्हापुरातले दुकानदार असे सगळे असतात. दुखणं थोड्याफार फरकानं एकच असतं: "रोज पोस्ट टाकतो, लाइकही येतात, पण धंदा काही येत नाही." निदानही बहुतेकांनी स्वतःच करून ठेवलेलं असतं, की अल्गोरिदम बदललाय. मग नवा लोगो होतो, नवा माइक येतो, रील बनवणारा पोरगा महिन्याच्या पगारावर ठेवला जातो आणि बूस्टवर, म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवण्यावर, पैसे जातात. फोन मात्र तसाच गप्प.

मी तपासायला उलट्या टोकानं सुरुवात करतो. आधी फोन, मग इनबॉक्स, मग प्रोफाइल, आणि पोस्टचा नंबर बराच नंतर. याचं कारण साधं आहे. चौकशी न येण्याचे तीनच प्रकार असतात. पोस्ट योग्य माणसाला दिसतच नाही, हा एक. दिसते, पण त्याला पुढे काय करायचं ते कळत नाही, हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे त्यानं जे करायचं ते केलेलं असतं, पण ते तुमच्यापर्यंत पोहोचलेलंच नसतं. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त वेळा सापडतो आणि दुरुस्त करायला एक रुपया लागत नाही. तरी लोक पहिल्यावर पैसे घालतात, कारण तिसऱ्याची कुणाला शंकाच येत नाही.

लक्षणं

यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं वाचा:

- लाइक करणारी नावं तीच ती. चुलतभाऊ, शाळेचा ग्रुप, शिवाय त्याच धंद्यातले इतर लोक.
- कमेंटमध्ये "मस्त", "अप्रतिम", "खूप खूप शुभेच्छा दादा". "कुठे मिळेल?" असं कुणी विचारत नाही.
- किंवा याच्या उलट: "प्राइस?" अशा कमेंट भरपूर, त्यापुढे काहीच नाही.
- बूस्ट केलं की हजारो लोकांना दिसल्याचा आकडा येतो. मेसेजही येतात, पण सगळे एकाच साच्यातले, आणि उत्तर दिलं की समोरचा गायब.
- स्पर्धा ठेवून बक्षीस दिल्यावर फॉलोअर वाढले, चौकशी होती तेवढीच राहिली.
- ब्लॉगवरचा लेख व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला त्या दिवशी वाचला जातो, नंतर कुणीच फिरकत नाही.

एक लक्षण वेगळं काढतो. कालपर्यंत सगळं बरं चाललं होतं आणि आज एकदम शून्य झालं, असं असेल तर तो या दुखण्याचा भाग नाही. थेट खाली अकाउंट स्टेटसचा भाग आहे तिथे जा.

आधी स्वतःचंच गिऱ्हाईक व्हा

घरातल्या ज्या माणसाच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, त्याचा फोन घ्या. तुमच्याच फोनवरून केलेली तपासणी फुकट जाते, कारण त्यात तुम्ही आधीच लॉगिन असता, नंबर सेव्ह असतो आणि सगळं चालतंय असं वाटतं.

त्या फोनवर इन्स्टाग्राम उघडा, तुमचं पेज शोधा, पेजवरचं प्रत्येक बटण दाबा. कॉलचं बटण, ईमेलचं, व्हॉट्सॲपचं, बायोमधली (नावाखालच्या ओळखीतली) लिंक, नकाशा. कॉल कुणाकडे लागतो ते बघा. दुकान सोडून गेलेल्या मुलाचा नंबर अजून पेजवर आहे, ही गोष्ट मला इतक्या वेळा सापडते की आता आश्चर्य वाटत नाही.

व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये एक ठरलेली गफलत असते. डब्ल्यूए डॉट एमई, त्यापुढे तिरकी रेघ आणि मग नंबर, अशी ती लिंक असते. नंबर देशाच्या कोडासकट हवा, म्हणजे ९१ आणि लगेच दहा आकडे. अधिकचं चिन्ह, मध्ये जागा किंवा आडवी रेघ, सुरुवातीचं शून्य यातलं काही नको. आपल्याकडे नंबरामागे शून्य लावायची जुनी सवय आहे आणि नेमकं तेच शून्य लिंक मोडतं. ९१ विसरलात तरी तेच होतं. दाबणाऱ्याला "हा नंबर व्हॉट्सॲपवर नाही" असा निरोप दिसतो आणि तो पुढच्या पेजवर जातो. तुम्हाला याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी मेलेली लिंक म्हणजे गूगलची फुकट वेबसाइट. दुकानाच्या गूगल प्रोफाइलवरून एका पानाची साइट करून मिळायची, तिचा शेवट 'बिझनेस डॉट साइट' असा असायचा. ती सोय गूगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली. जूनपर्यंत त्या पत्त्यावरून लोकांना प्रोफाइलवर पाठवलं जायचं, नंतर तेही थांबलं. कित्येकांच्या बायोत, व्हिजिटिंग कार्डावर, टेम्पोच्या मागच्या फळीवर हा पत्ता अजून आहे. बायोतला तरी आज बदला.

कॉलच्या बाबतीत आणखी एक बघा. ट्रूकॉलरवर तुमचा नंबर लाल दिसतो का? कधीकाळी त्या नंबरावरून जाहिरातीचे कॉल केले असतील आणि लोकांनी तक्रार केली असेल, तर तुम्ही उलट फोन केला तरी समोरचा उचलत नाही.

मेसेज येतात, पण भलत्या खोलीत

इन्स्टाग्रामच्या इनबॉक्समध्ये 'रिक्वेस्ट्स' नावाचा कप्पा असतो. जे तुम्हाला ओळखत नाहीत, म्हणजेच ज्यांना गिऱ्हाईक म्हणतात, त्यांचे मेसेज बहुधा तिथे जाऊन बसतात. त्याच्याही आत 'हिडन रिक्वेस्ट्स' असा आणखी एक कप्पा आहे. दोन्ही उघडा. कधी कधी तिथे गेल्या गणपतीतल्या मोदकांच्या ऑर्डरी सापडतात.

फेसबुक पेजचे मेसेज तुमच्या स्वतःच्या मेसेंजरमध्ये येतील या भरवशावर राहू नका. ते बघायला मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) बिझनेस सूट हे ॲप घ्या. फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडचे मेसेज एका जागी दिसतात, स्पॅममध्ये ढकललेलेही सापडतात. कमेंटचंही तसंच. काही कमेंट, विशेषतः कुणी स्वतःचा फोन नंबर लिहिला असेल तर, फेसबुक परस्पर लपवतं. पेजचा मालक म्हणून त्या तुम्हाला फिक्या दिसतात. एखाद्यानं "माझा नंबर हा, फोन करा" असं लिहिलेलं असतं आणि ते महिनाभर तसंच पडून असतं.

मग वेळेचा प्रश्न. तारकर्लीला दोन दिवस राहायला निघालेलं कुटुंब एकाच होमस्टेला विचारत नाही. चार ठिकाणी एकच मेसेज पाठवतात आणि ज्याचं उत्तर आधी येतं त्याच्याशी बोलणं सुरू होतं. दिवसभर बागेत किंवा स्वयंपाकघरात असणाऱ्या माणसाला लगेच उत्तर देणं जमत नाही, ते खरं. त्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये आपोआप जाणारा ग्रीटिंग मेसेज (स्वागताचा) आणि अवे मेसेज (तुम्ही हजर नसतानाचा) यांची सोय आहे. ग्रीटिंग मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, किंवा १४ दिवस काही बोलणं झालेलं नसेल त्याला. तिथे "आपला संदेश मिळाला, लवकरच संपर्क करू" असलं सरकारी वाक्य लिहून ती जागा वाया घालवू नका. "खोलीचे दर आणि फोटो कॅटलॉगमध्ये आहेत. तारीख आणि किती माणसं ते लिहून ठेवा, दुपारी दोननंतर फोन करतो." एवढं लिहिलं की समोरच्याला थांबायला कारण मिळतं.

"किमतीसाठी इनबॉक्स करा"

या एका ओळीवर माझा राग आहे, म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

किंमत न लिहिण्यामागे दोन भीती असतात. शेजारचा बघून पाच रुपयांनी उतरवेल, ही एक. किंमत बघून गिऱ्हाईक बोलायच्या आधीच जाईल, ही दुसरी. शेजारच्याला तुमची किंमत माहीत असतेच. त्याचा मेहुणा इनबॉक्स करून विचारून घेतो. आणि जो किंमत बघून जाणार तो इनबॉक्समध्ये किंमत ऐकूनही जाणारच, फक्त तुमची दहा मिनिटं खाऊन. तुम्ही गमावता ते तिसऱ्याच माणसाला. त्याला परवडत असतं, घ्यायचंही असतं, पण अनोळखी दुकानदाराला "केवढ्याला?" विचारून मग नाही म्हणायचा त्याला संकोच वाटतो. आपल्याकडे दुकानात शिरून काही न घेता बाहेर पडणं अजूनही अवघड जातं. इनबॉक्स म्हणजे तेच दुकान. तो माणूस आत येतच नाही.

ऑर्डरप्रमाणे किंमत बदलत असेल तर "पासून" लिहा. पैठणीसारख्या वस्तूत काठ, पदर आणि रेशमाप्रमाणे दर कितीतरी बदलतात, तरी सुरुवातीचा आकडा सांगता येतो. आंब्याचा दर आठवड्याला बदलतो, म्हणून पोस्टमध्ये तारीख घाला. मी बागायतदारांना हा साचा देतो:

"देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेतला हापूस. पाच डझनी पेटी, फळ साधारण अडीचशे ग्रॅमचं, दर अमुक रुपये, तारीख अमुक. पुण्यात घरपोच, भाडं वेगळं, पेटीमागे इतकं. फळ आढीतून काढून थोडं कच्चंच पाठवतो, घरी चार दिवसांत तयार होतं. एखादं फळ साक्याचं निघालं तर फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरून देऊ. व्हॉट्सॲप अमुक."

यात एकही विशेषण नाही, आणि गिऱ्हाईक फोनवर जे पाच प्रश्न विचारतं त्या पाचांची उत्तरं आहेत. साक्याचं (आतला गर स्पंजासारखा होण्याच्या दोषाचं) वाक्य घालायला लोक बिचकतात: आपणच आपल्या मालाचा दोष का सांगायचा? पण हापूस घेणाऱ्याला साका माहीत असतो, त्याला फक्त तुम्ही काय करणार ते हवं असतं. तालुक्याचं नावही उगीच नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात बाहेरचा आंबा त्याच नावानं विकला जातो. तुमची बाग खरीच देवगडात असेल तर ते पहिल्या ओळीत सांगायची गोष्ट आहे. घरगुती खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांकही असाच समोर ठेवा.

नाव, बायो, पिन

हे पटकन उरकण्यासारखं आहे. इन्स्टाग्रामवर शोधणाऱ्याला नाव आणि बायोतल्या शब्दांवरून पेज सापडतं. नावाच्या जागी फक्त "स्वराज्य एंटरप्रायझेस" असेल तर तुम्ही कॅटरर आहात की पाइप विकता, हे माणसालाही कळत नाही आणि यंत्रालाही नाही. नावापुढे काम आणि गाव लिहा. बायोत "स्वप्नांना पंख" नको, काय, कुठे, कधी उघडं, हे हवं. आता पाच लिंक देता येतात, पण तुम्ही दोनच द्या. वरती तीन पोस्ट पिन करता येतात: एक दराची, एक पत्त्याची, एक गिऱ्हाइकांच्या अनुभवाची. सणाच्या शुभेच्छांची पोस्ट पिन करून ठेवणारे असतात, त्यांना काय म्हणावं.

गूगलवरचं दुकान

दाताचा दवाखाना, हार्डवेअर, खानावळ, गॅरेज, म्हणजे गिऱ्हाईक जवळचं शोधतं असा धंदा असेल तर इन्स्टाग्रामपेक्षा हा भाग महत्त्वाचा. दात दुखत असताना कुणी रील बघून डॉक्टर ठरवत नाही, नकाशा उघडतो.

दुकानाचं नाव गूगलवर टाका आणि एवढं बघा. दोन प्रोफाइल दिसतात का? जागा बदलल्यावर जुनं तसंच राहतं आणि लोक जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतात. नकाशावरची खूण खरंच दारात आहे की मागच्या गल्लीत? वर्ग बरोबर आहे का? मुख्य वर्ग "रेस्टॉरंट" आणि धंदा टिफिनचा असेल तर टिफिन शोधणाऱ्याला तुम्ही कशाला दिसाल. वेळा बरोबर आहेत का, दिवाळीच्या सुट्टीसकट? कुणीही त्रयस्थ माणूस गूगलला "हे बंद झालंय" असं सुचवू शकतो, आणि मालकानं लक्ष दिलं नाही तर उघडं दुकान नकाशावर बंद दिसतं. दर महिन्याला एकदा डोळ्यांखालून घाला.

प्रोफाइलवरच्या चॅटवर चौकशा यायच्या आणि त्या थांबल्या असं कुणी म्हणत असेल तर त्याचं कारण वेगळं आहे. ती चॅटची सोय गूगलनं ३१ जुलै २०२४ ला सगळ्यांसाठीच बंद केली.

रिव्ह्यू मागा, जरूर मागा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही. वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना भांडू नका. ते उत्तर पुढचं गिऱ्हाईक वाचणार असतं.

लाइक करणारे आहेत तरी कोण?

इथपर्यंतची सगळी वाट साफ असेल आणि तरी फोन येत नसेल, तर आता पोस्ट कुणाला दिसते ते बघायचं. अकाउंट बिझनेस प्रकारचं असेल तर इनसाइट्समध्ये बघणाऱ्यांची शहरं दिसतात. पहिल्या पाच शहरांत तुमचं गिऱ्हाईक राहतं का, एवढाच प्रश्न विचारा.

होमस्टेवाल्यांची गंमत इथे उघडी पडते. मालवणातला होमस्टे, आणि सगळ्या पोस्ट मालवणच्याच ग्रुपांवर. आपल्याच गावात भाड्यानं खोली घेऊन कोण राहणार? लाइक मात्र भरपूर, कारण सगळे ओळखीचे. गिऱ्हाईक आहे कोल्हापुरात, पुण्यात, मुंबईत, बेळगावात. तिथल्या माणसाला वाफाळत्या सोलकढीच्या कवितेपेक्षा (सोलकढी वाफाळत नसते, पण अशा पोस्ट मी पाहिल्यात) कुडाळ स्टेशनवरून रिक्षा मिळते का, खाली गाडी लावायला जागा आहे का, आजीला जिने चढावे लागतील का, हे हवं असतं.

फेसबुक पेजवाल्यांनी एक गोष्ट मान्य करून टाकावी. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकनं जाहीर करून मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना पुढे आणि पेजच्या पोस्टना मागे केलं. तेव्हापासून पेजवर नुसतं लिहून सगळ्या फॉलोअरांपर्यंत पोहोचणं संपलं. त्यामुळे "पूर्वी इतके लाइक यायचे" या हिशेबाला अर्थ उरलेला नाही. विकत घेतलेले आणि बक्षिसाच्या लोभानं आलेले फॉलोअर तर उलट नुकसान करतात: पोस्ट आधी त्यांना दाखवली जाते, ते ढुंकूनही बघत नाहीत, आणि पोस्ट तिथेच बसते.

एकाएकी शून्य झालं असेल तर

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये 'अकाउंट स्टेटस' आहे. तिथे कुठली पोस्ट काढली गेली, आणि तुमचं अकाउंट अनोळखी लोकांना सुचवलं जातंय की नाही, ते लिहिलेलं असतं. अडवलेली पोस्ट काढा किंवा फेरविचार मागा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे पान बघायला एक मिनिट लागतं.

रीलचा आवाज गेला असेल तर बहुधा गाण्यामुळे. बिझनेस अकाउंटला सिनेमाची गाणी वापरायची तशी परवानगी नसते, त्यांच्यासाठी मेटानं वेगळा संगीतसाठा दिलेला आहे. गाण्यासाठी म्हणून अकाउंट परत वैयक्तिक करू नका. कॉलचं बटण आणि इनसाइट्स दोन्ही जातील.

बूस्टवर पैसे घालण्याआधी

हे इतकं खाली ठेवलंय कारण वरच्या वाटेत भोकं असताना बूस्ट करणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. शिवाय बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो; तुमचा जीएसटी क्रमांक असेल तर जाहिरात खात्यात भरून ठेवा.

बूस्टचं बटण दाबल्यावर पहिला प्रश्न येतो तो उद्दिष्टाचा. तिथे 'ऑटोमॅटिक' ठेवलं की मेटा आपल्या सोयीनं ठरवतं, आणि 'एंगेजमेंट' ठेवलं की लाइक करायची सवय असलेल्यांना पोस्ट दिसते. तुम्ही लाइक विकत मागितलेत, ते मिळाले. फोन हवा असेल तर कॉल किंवा मेसेज निवडा.

दुसरा प्रश्न जागेचा. गावाचं नाव टाकून सोडू नका, नकाशावर खूण करून भोवती किती किलोमीटर ते ठरवा. जिथे गिऱ्हाईक आहे तिथली खूण, जिथे दुकान आहे तिथली असेलच असं नाही.

एकाच साच्यातल्या मेसेजचं कोडं इथे सुटतं. मेसेजच्या जाहिरातीवर बोट लागलं की "याबद्दल अधिक माहिती मिळेल का" अशा अर्थाचं तयार इंग्रजी वाक्य आपोआप भरलेलं येतं. माणूस पाठवून मोकळा होतो, कधी चुकूनही. ते वाक्य बदला आणि तिथे तुमचे प्रश्न मराठीत घाला: "या शनिवारी खोली आहे का?", "पुण्यात पेटी कितीला पडेल?" मेसेज कमी येतील. जे येतील ते खरे असतील.

ब्लॉग आहे, पण गूगलला सापडत नाही

ब्लॉग कशाला हवा, असं विचारणाऱ्यांना मी २९ जून २०२० ची आठवण करून देतो. त्या दिवशी सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि फक्त तिथेच जमवलेलं गिऱ्हाईक होतं त्यांचं दुकान एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप एकदम सहाएक तास बंद होते. स्वतःची साइट आणि गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही, या दोनच गोष्टी आपल्या मालकीच्या.

पण ब्लॉग असूनही उपयोग होत नसेल तर या क्रमानं बघा.

गूगलमध्ये इंग्रजीत 'साइट', मग दोन टिंबं, मग जागा न सोडता तुमचा पत्ता टाका. काहीच आलं नाही तर गूगलकडे तुमची साइट नाही असं समजायला हरकत नाही. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडा. सर्च इंजिनांना दूर ठेवा अशा अर्थाची एक चौकट तिथे आहे. साइट बनवताना ती टिचकी मारून ठेवतात आणि काम संपल्यावर काढायला विसरतात. काढा, मग सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या सोयीत जाऊन एक-एक पान तपासायला द्या.

मराठीत नेहमी आढळणारा दोष फॉन्टचा. लेखातलं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. तिथे इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर मजकूर कृतीदेव, शिवाजी किंवा जुन्या श्री-लिपीतला आहे. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं, आणि गूगल तीच वाचतं. डीटीपीवाल्याकडून आलेल्या मजकुरात हे हमखास असतं. युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासा, तिथे घोळ राहतो. मजकूर चित्रात छापून टाकायची सवय असेल तर तीही सोडा.

मग लेखाचा पत्ता. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून पत्ता बनवतं. देवनागरीच्या एका अक्षराचे, एका मात्रेचेसुद्धा, पत्त्यात नऊ चिन्हं होतात. व्हॉट्सॲपवर चिकटवला की टक्क्यांच्या खुणा आणि आकड्यांची लांबलचक ओळ दिसते आणि ती बघून लोकांना फसवणुकीची लिंक वाटते. वर्डप्रेस हा तुकडा २०० चिन्हांवर तोडतं, म्हणजे काना-मात्रा धरून बाविसेक अक्षरांतच शीर्षक कापलं जातं. पत्ता हातानं लहान रोमन अक्षरांत लिहा. जुन्या लेखांचे पत्ते बदलणार असाल तर जुन्यावरून नव्याकडे वळण लावायला विसरू नका.

लिंक पाठवल्यावर चित्र दिसत नसेल तर बहुधा लेखाला मुख्य चित्र लावलेलं नाही. लावूनही जुनंच दिसत असेल तर फेसबुकच्या शेअरिंग डीबगरमध्ये पत्ता टाकून पुन्हा वाचायला लावा. वाचकांचे आकडे बरीच वर्षं शून्य दिसताहेत? मोजणी गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या पद्धतीची असेल, गूगलनं ती १ जुलै २०२३ ला थांबवली.

विषय शोधायला कुठे जाऊ नका. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते आठवडाभर वहीत उतरवा. "पेटी आल्यावर आढी कशी लावायची?", "पावसाळ्यात मालवणला काय करता येतं, जलक्रीडा तर बंद असतात?" अशा प्रत्येक प्रश्नाचा एक लेख. "सोशल मीडियाचे महत्त्व" हा लेख कॅटररच्या साइटवर कशाला आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

इथे हात आखडा, जाणकाराला बोलवा

एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा. सगळं एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. पण पुढच्या गोष्टींत स्वतः प्रयोग करू नका.

अकाउंट ताब्यातून गेलं असेल. "कॉपीराइट भंगामुळे तुमचं पेज २४ तासांत बंद होईल, इथे दाबा" असा मेसेज येतो, दाबून पासवर्ड दिला की पेज दुसऱ्याचं. जाहिरात खात्यातून अनोळखी खर्च दिसला तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा, मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग जाणकार. "अकाउंट परत मिळवून देतो, आधी पैसे पाठवा" म्हणणारे बहुतेक त्याच धंद्यातले असतात.

गूगलमध्ये तुमच्या साइटच्या नावाखाली जपानी मजकूर किंवा औषधांच्या जाहिराती दिसताहेत, तर साइटमध्ये कुणी शिरलंय. एखादी फाइल पुसून हे जात नाही, परत उगवतं.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, जुन्या एजन्सीच्या नावावर आहे, किंवा पेजची मालकी सोडून गेलेल्या नोकराच्या फेसबुकला बांधलेली आहे. यात तांत्रिक कामापेक्षा कागदपत्रं जास्त लागतात. बदनामीचा मजकूर असेल तर वकील.

आणि एक वेगळी वेळ: फोन येतात, बोलणं होतं, पण ऑर्डर होत नाही. मग इथे लिहिलेलं काहीच तपासू नका. दर, पॅकिंग, भाडं किंवा फोनवर बोलणारा माणूस, यातलं काहीतरी आहे आणि ते पेजवरून दुरुस्त होत नाही.

जाणकार नेमताना त्याला पासवर्ड देऊ नका. बिझनेस सूटमधून आणि गूगल प्रोफाइलमधून मर्यादित अधिकार देता येतात, ते द्या. मालकी तुमच्याच नावावर ठेवा. काम सुरू व्हायच्या आधी डोमेन, होस्टिंग आणि जाहिरात खातं कुणाच्या ईमेलवर आहे ते लिहून घ्या. "महिन्यात दहा हजार फॉलोअर" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. "आधी तुमचा फोन दाखवा, मेसेज कुठे येतात ते बघू" असं म्हणणारा भेटला तर त्याच्याशी पैशाचं बोला.